टोन राहतो कुठे?

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की आधी मोझरी येतं, मग तिवसा. मोझरीला तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभा केला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी त्यांनी देह ठेवला. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला त्याच मिनिटाला तिथे मौन श्रद्धांजली होते आणि लोटलेली गर्दी जागच्या जागी स्तब्ध होते. ते मौन सोडलं तर या तालुक्यात सणासुदीला, सप्ताहाला, पुण्यतिथीला कानावर पडत राहते ती खंजेरी. महाराज १९५५ साली जागतिक परिषदेसाठी जपानला गेले तेव्हा तिथेही त्यांनी खंजेरीवर भजन म्हटलं होतं.

त्याच जपानच्या यामाहा, रोलँड, कॉर्ग आणि कॅसिओ या कंपन्यांचे कीबोर्ड आज वऱ्हाडातल्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, वरातीपुढच्या धुमालमध्ये, भीमजयंतीच्या गाण्यांत आणि नवरात्रातल्या मंडपांत वाजतात. कारखान्यातून येतानाच त्यांत शेकडो आवाज भरलेले असतात. पियानो, व्हायोलिन, बासरी तर असतातच. भारतासाठी काढलेल्या मॉडेलांत सतार, तबला, ढोलक आणि हार्मोनियमही मिळतात. पण गुरुकुंजच्या भजनातली खंजेरी, किंवा गावातल्या मंडळाची जुनी, किंचित बेसूर झालेली आणि म्हणूनच ओळखू येणारी पेटी तयार मिळत नाही. ती वादकाला स्वतः बनवावी लागते. त्याला आपल्याकडे ‘टोन बनवणं’ किंवा ‘टोन एडिट करणं’ म्हणतात. हे काम रात्री उशिरा, कार्यक्रम आटोपल्यावर, कानाला हेडफोन लावून चालतं आणि त्याला फार चिकाटी लागते. असा बनवलेला टोन नेमका कुठे राहतो, तो कशाने जातो आणि कसा राखता येतो, हे पाहू.

आधी टोन म्हणजे काय ते. सिंथेसायझरच्या दृष्टीने टोन म्हणजे आकड्यांची एक यादी. १९८३ साली आलेल्या यामाहा डीएक्स७ या कीबोर्डात एका टोनचं संपूर्ण वर्णन १५५ आकड्यांत मावतं आणि त्यातलेही १० आकडे नावाच्या अक्षरांसाठी असतात. उरलेल्या १४५ आकड्यांत सगळं काही येतं: सूर कसा निर्माण करायचा, तो किती वेगाने चढायचा, पट्टी सोडल्यावर किती वेळ रेंगाळायचा, त्यात कंप किती घालायचा.

पेटीचं उदाहरण घेऊ, कारण ते सगळ्यांच्या कानात आहे. चांगल्या पेटीत एका पट्टीला दोन किंवा तीन सूर बोलतात, त्यांतला एक खर्जातला. म्हणून टोनमध्ये दोन थर घ्यायचे आणि एक सप्तकभर खाली ठेवायचा. एकाच उंचीचे दोन सूर घेतले तर त्यांत अगदी थोडा फरक ठेवायचा: एक ४४० हर्ट्झवर आणि दुसरा ४४२वर असेल तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात आणि आवाज जिवंत वाटतो. ‘अटॅक’, म्हणजे सूर चढण्याचा वेग, थोडा मंद ठेवायचा, कारण सुराच्या पितळी पात्याला हलायला क्षणभर लागतो. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज मोठा होत नाही. तो भात्यातल्या हवेवर ठरतो. त्यामुळे या टोनमधला ‘टच’ बंद करायचा आणि आवाजाचा चढउतार पायाच्या पेडलवर द्यायचा. एवढा एक बदल केला की कारखान्यातला निर्जीव हार्मोनियमसुद्धा भजनाला चालेलसा होतो. खंजेरीला तर दोन वेगळे आवाज लागतात, कातड्याचा ठोका आणि चकत्यांची छनछन. शिवाय हाताचा भार बदलला की कातड्याचा सूर हलतो, तो हलता सूर आकड्यांत बसवणं हे कसबाचं काम.

इतकं करून मिळालेली ही यादी आधी कीबोर्डच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. तिला एडिट बफर म्हणतात. ही शाळेतली पाटी आहे: लिहिलेलं दिसतं, वाचता येतं, पण दुसरं काही लिहायला घेतलं की आधीचं पुसलं जातं. टोन बदलताना मधेच दुसरा टोन ऐकून पाहायला बटण दाबलं, की बहुतेक कीबोर्डांत आधीचे बदल गेले. वीज गेली तरी गेले. काही कीबोर्ड टोनच्या नावाशेजारी छोटी चांदणी किंवा ‘एडिट’ अशी खूण दाखवतात. तिचा अर्थ हे काम अजून जतन झालेलं नाही. डीएक्स७ बनवणाऱ्यांना वादकाचा हा घात ठाऊक होता. त्यांनी ‘एडिट रिकॉल’ नावाची सोय दिली, तिने नुकतेच गेलेले बदल परत आणता येत. अशी सोय प्रत्येक यंत्रात नसते.

एके काळी याच्या पलीकडे काही नव्हतंच. १९७० सालच्या मिनीमूग या सिंथेसायझरला स्मृती नव्हती. त्याच्यासोबत कोरे तक्ते येत. प्रत्येक खुंटी कुठे वळवली ते वादक पेन्सिलने त्यावर काढून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तक्ता पाहून खुंट्या लावायचा. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात हे जमणं अवघडच. १९७८ साली अमेरिकेत डेव्ह स्मिथ यांनी ‘प्रॉफेट-५’ हा सिंथेसायझर काढला. त्यात मायक्रोप्रोसेसर होता आणि तो ४० टोन लक्षात ठेवायचा. एक बटण दाबलं की सगळा टोन जसाच्या तसा समोर! रंगमंचावर सिंथेसायझर वापरता येऊ लागला तो खऱ्या अर्थाने इथून, असं माझं मत आहे. आवाजाची नवलाई आधीही होती, पण भरवसा नव्हता.

मुंबईत चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडचा ज्युपिटर-८ आणि त्याच कंपनीचं एक तालयंत्र व एक बेस-सिंथेसायझर घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड केली. तेव्हा ती फारशी चालली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या नृत्यसंगीतवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. ज्युपिटर-८मध्ये ६४ टोनांची जागा होती. रेकॉर्डमुळे संगीत आपल्या हाती आलं, पण रेकॉर्ड ऐकून खुंट्या कुठे होत्या ते कळत नाही. ते कानाने पुन्हा शोधावं लागतं. गाण्याचं ध्वनिमुद्रण असणं आणि टोन राखलेला असणं यात इतकं अंतर आहे.

एडिट बफरनंतरची जागा म्हणजे कीबोर्डची अंतर्गत स्मृती, तिथला ‘युजर’ विभाग. ‘राइट’ किंवा ‘सेव्ह’ दाबायचं, क्रमांक निवडायचा, नाव द्यायचं आणि होकार द्यायचा. इथे एक क्षण थांबावं. निवडलेल्या क्रमांकावर आधीचा टोन असेल तर तो कायमचा जातो आणि यंत्र बहुधा एकदाच विचारतं. म्हणून होकार देण्याआधी त्या क्रमांकावर काय आहे ते वाजवून पाहावं. काही यंत्रांत त्यासाठी ‘कंपेअर’ हे बटण असतं. डीएक्स७मध्ये तर चालू करताच स्मृतीला कुलूप लागलेलं असतं, ते मुद्दाम उघडल्याशिवाय काहीच लिहिता येत नाही. नव्या वादकांना त्याचा राग येतो. मला ती पद्धत योग्य वाटते.

ही अंतर्गत स्मृतीही वाटते तितकी पक्की नसते. १९८०-९०च्या दशकांतल्या डीएक्स७, कॉर्ग एम१ यांसारख्या कीबोर्डांत टोन टिकतात ते आत बसवलेल्या तीन व्होल्टच्या नाण्याएवढ्या लिथियम सेलवर. सेल संपला की सगळे टोन जातात आणि पडद्यावर अर्थहीन अक्षरं दिसू लागतात. काही सेल दहा वर्षांत संपतात, काही त्याहून कितीतरी जास्त टिकतात. पण उष्णतेने त्यांचं आयुष्य घटतं आणि अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या छपराखालच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या टेम्पोत ठेवलेला कीबोर्ड याहून कितीतरी जास्त तापतो. जुनं यंत्र विकत घेतलं तर सेल बदलण्याआधी आतले टोन बाहेर काढून घ्यावेत. सेल उपसला की ते गेलेच, आणि काही यंत्रांत तो सोल्डर केलेला असतो, तिथे माहीतगार मेकॅनिकच हवा.

अलीकडच्या कीबोर्डांत फ्लॅश स्मृती असते, तिला सेल लागत नाही. तिचा धोका वेगळा. फ्लॅशवर लिहायला काही सेकंद लागतात आणि त्या वेळात वीज गेली तर लिहिणं अर्धवट राहतं. कधी एक टोन खराब होतो, कधी सगळाच विभाग. पडद्यावर ‘बंद करू नका’ अशी सूचना असते ती याचसाठी. ज्या भागात भारनियमन नवं नाही, तिथे मोठं जतनकाम इन्व्हर्टरवर करावं, जनरेटर सुरू होण्याची वाट पाहत करू नये. शिवाय यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेतल्या बऱ्याच कीबोर्डांत सगळ्यात उजवीकडची पांढरी पट्टी दाबून धरून वीज सुरू केली की राखलेली माहिती पुसली जाते. ही सोय यंत्र बिघडलं तर मूळ स्थितीत आणायला असते. पण कार्यक्रमाच्या गडबडीत कीबोर्डवर एखादी पिशवी टेकलेली असताना कुणी स्विच चालू केला, तर तेच घडू शकतं.

याच स्मृतीत आणखी एक गोष्ट राहते, तिला रजिस्ट्रेशन म्हणतात. टोन कोणता, ताल कोणता, लय किती, ट्रान्सपोझ किती, हा सगळा जमाखर्च त्यात एका बटणावर बसतो. आपल्याकडे हा भाग टोनइतकाच मोलाचा आहे, कारण गायक ‘काळी एक’ म्हणतो, गायिका ‘काळी पाच’ म्हणते आणि वादक सवयीच्या पट्टीवर बोटं ठेवून ट्रान्सपोझने सूर जुळवतो. एकाच भजनाची दोन गायकांसाठी दोन रजिस्ट्रेशन असतात. मात्र रजिस्ट्रेशनमध्ये टोन स्वतः नसतो, बहुधा त्याचा फक्त क्रमांक असतो. कॉर्ग एम१च्या कॉम्बिनेशनचंही, म्हणजे अनेक टोनांच्या जुळणीचं, असंच; त्या कीबोर्डात शंभर प्रोग्राम (म्हणजे टोन) आणि शंभर कॉम्बिनेशन असतात आणि कॉम्बिनेशन प्रोग्रामांना क्रमांकाने हाक मारतं. म्हणून १२ क्रमांकावरची पेटी काढून तिथे शहनाई ठेवली, की पेटी मागणाऱ्या सगळ्या रजिस्ट्रेशनमधून शहनाई वाजू लागते. वादकाला वाटतं यंत्र बिघडलं. यंत्र बरोबर असतं, टोनाचं घर बदललेलं असतं. यावर साधा उपाय आहे: क्रमांकांचे पट्टे ठरवून ठेवावेत, पेट्या एका पट्ट्यात, शहनाई-बासऱ्या दुसऱ्यात, तालवाद्यं तिसऱ्यात, आणि रजिस्ट्रेशनमध्ये वापरलेला क्रमांक कधी हलवू नये. प्रयोगासाठी शेवटचे काही क्रमांक मोकळे ठेवावेत.

आता यंत्राबाहेरची जागा. १९८३ साली रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि प्रॉफेटवाले डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने मिडी ही सर्व कंपन्यांची सामाईक भाषा ठरली. तिच्यात प्रत्येक कंपनीसाठी एक खासगी दालन ठेवलं, त्याला सिस्टीम एक्सक्लुझिव्ह म्हणतात. वादकांच्या बोलण्यात ते सिसेक्स. असा संदेश २४० या आकड्याने सुरू होतो आणि २४७ने संपतो. दुसऱ्या जागी कंपनीचा क्रमांक असतो: रोलँड ६५, कॉर्ग ६६, यामाहा ६७, कॅसिओ ६८. रोलँडचा संदेश यामाहाकडे गेला तर ती हा क्रमांक पाहूनच तो सोडून देते. डीएक्स७चे ३२ टोन एका संदेशात जातात, तो ४,१०४ बाइटचा असतो. मिडीच्या मूळ तारेतून सेकंदाला ३,१२५ बाइट जातात. म्हणजे महिनोन्‌महिने बसून बनवलेले ३२ टोन सव्वा सेकंदाच्या आसपास बाहेर येतात! संदेशाच्या शेवटी पडताळ्याचा एक आकडा असतो. वाटेत एखादा बाइट बिघडला तर बेरीज जुळत नाही आणि यंत्र तो साठा नाकारतं. आज हे काम यूएसबी केबल आणि मोबाइलवरच्या एखाद्या साध्या ॲपनेही होतं.

मधल्या काळात फ्लॉपी होत्या. रोलँडच्या एक्सपी मालिकेतल्या काही कीबोर्डांत साडेतीन इंची फ्लॉपीची खाच आहे आणि असे कीबोर्ड अजून हिंडतात, कारण ते दणकट आहेत. सोनीने २०११ साली फ्लॉपीची विक्री थांबवली. पावसाळ्यातल्या दमटपणाने जुन्या फ्लॉपीवर बुरशी धरते. ज्यांचे टोन अजून फ्लॉपीवरच आहेत, त्यांनी हे काम पुढच्या हंगामावर ढकलू नये. फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह वाचणारा डबा बसवून मिळतो, पण आधी जुन्या फ्लॉपीवरचा मजकूर काढून घ्यायला हवा.

पेनड्राइव्हच्या जमान्यात टोन जाण्याचं सगळ्यात सामान्य कारण मात्र बिघाड नाही, तर दुसऱ्याचे टोन. टोनांची देवघेव आणि विक्री जोरात चालते. कुणीतरी दोनशे टोनांचा संच पेनड्राइव्हवर देतो आणि तो उत्साहाने लोड केला जातो. बऱ्याच कीबोर्डांत ‘ऑल’ प्रकारची फाइल लोड केली की युजर विभाग पूर्ण बदलतो. आलेले दोनशे टोन दिसतात, स्वतःचे गेलेले दिसत नाहीत. ते कळतं पुढच्या कार्यक्रमात, जेव्हा बोट सवयीने बटणावर जातं. म्हणून दुसऱ्याचं काहीही आत घेण्याआधी स्वतःचं सगळं बाहेर काढावं, आणि शक्य तिथे एकेक टोन निवडून घ्यावा. त्याच पेनड्राइव्हवर लग्नाची गाणी, फोटो, सिनेमे ठेवू नयेत. कीबोर्ड पेनड्राइव्ह ‘फॉरमॅट’ करायला सांगतो तेव्हा त्यावरचं सगळं पुसूनच तो तयार करतो. जुनी यंत्रं मोठ्या क्षमतेचे पेनड्राइव्ह ओळखतही नाहीत. त्यांना लहानच लागतात. आणि कीबोर्डने बनवलेल्या फोल्डरांची नावं कॉम्प्युटरवर बदलू नयेत, नाहीतर त्याला स्वतःचीच फाइल सापडत नाही.

किती प्रती ठेवाव्यात? पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकारांनी फोटोंसाठी एक हिशेब रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. तो टोनांना चपखल बसतो. पहिली प्रत कीबोर्डमध्ये, दुसरी पेनड्राइव्हवर, तिसरी इंटरनेटवरच्या साठ्यात किंवा अमरावतीला राहणाऱ्या भावाच्या कॉम्प्युटरवर. कीबोर्डच्या पेटीतच ठेवलेला पेनड्राइव्ह ही वेगळी प्रत धरू नये. पेटी चोरीला गेली की दोन्ही जातात. फाइलच्या नावात तारीख घालावी आणि जुनी फाइल लगेच पुसू नये, कारण एखादा टोन बिघडवून तोच जतन केल्याचं दोन महिन्यांनी लक्षात येतं.

प्रत काढली म्हणजे ती चालते असंही नाही. वर्षातून एकदा, कार्यक्रम नसतील अशा दिवसांत, ती परत लोड करून पाहावी. मित्राकडे त्याच मॉडेलचा कीबोर्ड असेल तर तिथे, पण आधी त्याचे टोन बाहेर काढून. लोड झाल्यावर नावं वाचून समाधान मानू नये, प्रत्येक टोन वाजवावा. विशेषतः ज्या टोनांत आकड्यांसोबत स्वतः ध्वनिमुद्रित केलेले आवाजाचे तुकडे, म्हणजे नमुने, आहेत ते. टोनची फाइल आणि नमुन्याची फाइल बऱ्याच यंत्रांत वेगवेगळी असते; पहिली घेतली आणि दुसरी राहिली, तर खंजेरीचं नाव पडद्यावर येतं आणि आवाज येत नाही.

इतकी काळजी घेऊनही एक मर्यादा उरते. टोनची फाइल त्या मॉडेलचीच भाषा बोलते. एका कंपनीचा टोन दुसरीच्या कीबोर्डात जात नाही. कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतही जात नाही. वादक दहा वर्षांनी नवा कीबोर्ड घेतो तेव्हा आधीचा सगळा संच त्याच्या हातात असून निरुपयोगी होतो. कंपन्यांनी यात वादकांचा विचार पुरेसा केलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून खंजेरी किंवा पेटी नमुन्यासाठी ध्वनिमुद्रित करताना मूळ मुद्रण वेव्ह फाइलमध्ये, न छाटता, वेगळं ठेवावं. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट आणि एका चॅनेलवर एका मिनिटाला साधारण ५.३ मेगाबाइट लागतात. आजच्या मोबाइललाही ते जड नाही. खंजेरीचा प्रत्येक ठोका हळू, मध्यम आणि जोरात असा वेगवेगळा घ्यावा, चकत्या पूर्ण शांत होईपर्यंत थांबावं. पेटीची प्रत्येक पट्टी पाच-सहा सेकंद धरावी. ही फाइल नमुने घेऊ शकणारे बहुतेक कीबोर्ड आणि बहुतेक सॉफ्टवेअर, आज आणि पुढेही वाचू शकतील. तिच्यासोबत मराठीत एक साधी टिपण-फाइल ठेवावी, कारण कीबोर्डच्या पडद्यावर नावाला रोमन लिपीतली दहा-बारा अक्षरंच मिळतात आणि देवनागरी बहुधा उमटत नाही. टिपणात वाद्य कोणत्या मंडळाचं, कोणत्या गावचं, कुणी वाजवलं, त्यांची परवानगी घेतली का, पेटी कोणत्या पट्टीला लावलेली होती, माइक किती अंतरावर होता, कोणत्या महिन्यात मुद्रण झालं, हे सगळं लिहावं. महिना लिहायचाच, कारण पावसाळ्यात कातडं सैल पडतं आणि त्याच खंजेरीचा सूर उन्हाळ्यापेक्षा खाली येतो. शेवटी टोन बनवताना लावलेले मुख्य आकडे: दोन थरांतला फरक, अटॅक, रिलीज, टच बंद की चालू. या नोंदी हाताशी असल्या की नव्या कीबोर्डवर तोच टोन एका बैठकीत पुन्हा उभा राहतो, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, आणि मंडळातल्या नव्या पोराला तो कसा बनला हेही वाचून शिकता येतं.